सावित्रम्मा कशासाठी परत आल्या

सावित्रम्मा कलशेट्टी एका मंगळवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी गेल्या आणि अडीच मिनिटांनी परत आल्या. याला कागदोपत्री पुरावा आहे. हृदयाच्या आलेखाची ती पट्टी, जिच्यावर मधेच एक सरळ रेघ आहे, शिवप्पांनी डॉक्टरांकडून मागून घेतली, तिच्या दोन झेरॉक्स काढल्या आणि फाइलला लावल्या. चौतीस वर्षं एका सरकारी कार्यालयाच्या आवक-जावक विभागात काढलेल्या माणसाला बायको जाऊन आली म्हटल्यावर आधी हेच सुचणार. गेल्याची नोंद आहे, आल्याचीही आहे, तेव्हा त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती आल्या आल्या सावित्रम्मा जे बोलल्या त्याबद्दल.

झालं होतं असं, की चक्कर येते म्हणून त्यांना दवाखान्यात नेलं आणि तपासणीच्या टेबलावरच त्यांचं हृदय थांबलं. तरुण डॉक्टर प्रियदर्शनी छातीवर दाब देत होत्या, नर्सा धावत होत्या आणि शिवप्पा कोपऱ्यात एका हातात बायकोच्या चपला, दुसऱ्या हातात तिची पिशवी धरून सिद्धरामेश्वराला असं काहीबाही कबूल करत होते, जे पुढे त्यांना स्वतःलाही आठवेना. अशात सावित्रम्मांनी डोळे उघडले. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. नवऱ्यावरून त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवरून जावी तशी सरकली, आणि त्या स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "आज पाणी हाय. उटू द्या मला. ह्यांस्नी मोटर लावाय येत न्हाय."

नर्सा हसल्या, पण बेतानंच. पाणी चार दिवसांआड येणाऱ्या गावात अशा वाक्याला कुणी मनापासून हसत नाही. पाण्याच्या दिवशी इथे साखरपुडे पुढे ढकलले जातात, पाहुण्यांना दारातून परत पाठवलं जातं. डॉक्टर तर कौतुकानं म्हणाल्या, "काका, काकूंना पाण्यानं परत आणलं बरं का!" शिवप्पांनी मान डोलावली आणि चपला खाली ठेवल्या. सदतीस वर्षांचा संसार पिंपाएवढाही वजनदार ठरला नव्हता, हे त्यांना तिथल्या तिथे लागलं.

निदान असं झालं, की हृदयाला ठोका द्यायची आठवण मधूनमधून राहत नाही. ती आठवण करून द्यायला पेसमेकर नावाचं यंत्र बसवायचं. पण सावित्रम्मांची साखर चारशेच्या घरात, ती उतरल्याशिवाय काही करता येईना. दोन-तीन आठवडे गोळ्या, विश्रांती आणि जिना चढायचा नाही, एवढ्या अटींवर त्यांना घरी सोडलं.

त्या घरी आल्या आणि जुळे सोलापुरातल्या त्या गल्लीत माणसांची रीघ लागली. कुणी गेलं की भेटायला जायची रीत असते, कुणी आजारातून उठलं की जायचीही असते. इथे दोन्ही एकदमच झालेलं असल्यानं लोक दोनदा येत होते. सावित्रम्मांची धाकटी बहीण बसव्वा अक्कलकोटहून मुक्कामाला आली होती. ती चहाची पातेली चढवत होती, शिवप्पा कप धूत होते आणि सावित्रम्मा दिवाणावर तक्क्याला टेकून तोच वृत्तान्त न कंटाळता सांगत होत्या.

"लई गार होतं बघा तितं. लिंबाखाली कट्टा, कट्ट्यावर आमच्या सासूबाई पाय पसरून बसलेल्या. मला म्हणल्या, बस. लग्न झाल्यापासनं पयल्यांदा मला बस म्हणल्या त्या."

"मग बसला का?" बायका श्वास रोखून विचारत.

"बसणारच होते की. पदर सावरला, आन् तेवढ्यात आठवलं, आज पाणी."

"बरोबर हाय!" सगळ्या एकमुखानं म्हणत. एकीनंही, अहो, पण नवऱ्याची आठवण नाही आली का, असं विचारलं नाही. पलीकडच्या घरातल्या विणकर बाईंनी आपले यजमान तिथे दिसले का आणि तंबाखू सोडली का, याची चौकशी केली. सावित्रम्मा जरा विचार करून म्हणाल्या, "दिसले की. पाठमोरे होते." बाई समाधानानं डोळे पुसत गेल्या. कप धुता धुता शिवप्पांच्या मनात आलं, की परक्या बाईच्या मेलेल्या नवऱ्याची सुद्धा हिनं सोय लावली. तिथे कोपऱ्यात जिवंत उभा होता त्याचं काय?

जखमेवर मीठ चोळायला शेजारी भीमाशंकर गुरुजी होतेच. गुरुजी भूगोलाचे निवृत्त शिक्षक. निवृत्तीनंतर मोबाइलवर पाहून पाहून ते सर्व विषयांचे शिक्षक झाले होते.

"शिवप्पा, जगभर अभ्यास झालाय ह्याचा," गुरुजी म्हणाले. "जी माणसं जाऊन येतात त्यांना बोगदा दिसतो, उजेड दिसतो, गेलेली माणसं दिसतात. काही शास्त्रज्ञ म्हणतात, मेंदूला प्राणवायू कमी पडला की असलं दिसतं. काही म्हणतात, तसं न्हाय, खरंच काहीतरी हाय. पण एक गोष्ट सगळीकडं सारखी. परत का यायचं, हे ज्याला त्याला आठवतं. कुणाला आई आठवते, कुणाला लेकरू. ज्याच्यासाठी माणूस परत येतो ना, तेच त्याचं खरं प्रेम."

गुरुजींना आपण काय बोलून बसलो हे जरा उशिरा उमगलं. त्यांनी सारवासारव केली, "म्हणजे वहिनींच्या बाबतीत… नळ. पण नळ तुमच्याच घरचा की!"

त्या दिवसापासून शिवप्पांचं बूड एका जागी टेकेना. पेपर हातात धरायचे आणि छापलेलं सोडून समोरच्या दिवाणाकडे बघत बसायचे. दुपारी सावित्रम्मांचा डोळा लागला, की नाकाशी हात धरून श्वास तपासायचे. एकदा त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "अजून हाय मी. सरका, वारं अडायलंय." अपमान एक, काळजी दोन, आणि यातलं कुठलं कुठे संपतं हे त्यांचं त्यांनाही कळेना. शेवटी त्यांनी ठरवलं, की पाणी आपण भरायचं. नुसतं भरायचं नाही, असं भरायचं की या घरात पाणी हा विषयच उरता कामा नये. मग बघू ही कशासाठी परत येते ते.

पहिला प्रयत्न त्यांनी स्वतःच्या हातानं केला. पाण्याचा वॉल सोडणारा येडू गल्लीच्या तोंडाशी सायकल टेकवून लोखंडी चावी फिरवतो आणि मग घराघरांतून मोटारी घोंगावतात, हे त्यांना ऐकून माहीत होतं. पण मोटारीत आधी तांब्याभर पाणी ओतावं लागतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. ती कोरडीच फिरून तापली. पाणी ओतल्यावर तिनं एकदम जोर धरला, पाइप हातातून निसटला आणि गुरुजींच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर पूर्ण दाबानं पाऊण मिनिट चालला. आतून सावित्रम्मा सूचना देत होत्या. बसव्वा खिडकीत उभी राहून म्हणाली, "दाजी, तुमी बाजूला व्हा, मी लावते." ते वाक्य शिवप्पांना कुरडयांपेक्षा महाग पडलं.

मग त्यांनी नळकाम करणाऱ्या शंकरप्पाला बोलावलं. शंकरप्पानं घर फिरून पाहिलं आणि डोकं खाजवत सांगितलं, की खाली हौद, वर दोन हजार लिटरची टाकी आणि मधे सेन्सर. पाणी आलं की मोटर आपोआप चालू, टाकी भरली की आपोआप बंद. "मालक, तुमी गावाला गेला तरी पाणी भरतंय बघा." 'आपोआप' हा शब्द शिवप्पांना इतका आवडला, की त्यांनी पुढचं काही विचारलंच नाही.

हौद कुठे घ्यायचा यावर गल्लीत दोन दिवस चर्चा झाली. गुरुजी होकायंत्र घेऊन आले आणि ईशान्य कोपऱ्यावर बोट ठेवलं. ईशान्येला खोदलं तर गुरुजींच्याच घराचा सांडपाण्याचा पाइप लागला, आणि पहार बसल्यावरच तो लागल्याचं कळलं. गुरुजींनी मोठ्या मनानं दिशा बदलली. टाकी आली ती जिन्याच्या वळणावर अडकली. ती वरही जाईना, खालीही येईना. अर्धा दिवस शिवप्पा गच्चीवर आणि बाकीचं घर खाली अशी फाळणी झाली होती. त्यांना जेवण दोरीला पिशवी बांधून पोचवलं. अखेर गॅलरीचं ग्रिल कापून टाकी बाहेरून ओढून घेतली. तिथे आता ग्रिल नाही, साडी बांधली आहे.

सगळ्यात अवघड काम निघालं ते हातभर रस्त्याचं. नळाची लाइन नव्या हौदाकडे वळवायची म्हणजे रस्ता खोदायचा, आणि रस्ता खोदायचा म्हणजे परवानगी. शिवप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतःच्या हातानं लिहिलेला सुबक अर्ज घेऊन महापालिकेच्या पाणी विभागाच्या ऑफिसात गेले. खिडकीतल्या माणसानं अर्ज वाचलासुद्धा नाही, नुसता उलटा करून पाहिला.

"नकाशा जोडला न्हाय."

"जोडतो. किती प्रती?"

"तीन. आन् सोमवारी या. साहेब दौऱ्यावर हायत."

हेच शब्द, याच स्वरात शिवप्पांनी चौतीस वर्षं लोकांना ऐकवले होते. वैरागहून एस.टी.नं आलेल्या माणसाला ऐकवले होते, केमहून पॅसेंजरनं आलेल्या म्हाताऱ्याला ऐकवले होते. खिडकीच्या या बाजूनं ते इतके लागत असतील याची त्यांना कल्पना नव्हती. चौथ्या खेपेला परवानगी मिळाली तेव्हा त्या माणसाबद्दल त्यांना राग न येता व्यावसायिक आदरच वाटला.

तिसऱ्या आठवड्यात सोमवारी येडूनं चावी फिरवली. मोटर आपोआप घोंगावली. वर टाकी भरली, सेन्सर टिकटिकला, मोटर आपोआप थांबली. सगळा वेळ शिवप्पा हाताची घडी घालून अंगणात उभे होते. मग ते आत गेले, दिवाणासमोर उभे राहिले आणि मोठ्या ऐटीत म्हणाले, "बघितलं? आता तू नसलीस तरी या घरात पाणी भरतंय."

सावित्रम्मांनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं. "चांगलं झालं की," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पडल्या.

संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला. साखर उतरली होती, गुरुवारी सकाळी यंत्र बसवू, सोबत संमतीचा फॉर्म पाठवतो. शिवप्पांनी फॉर्म छापून आणला, पेन पुढे केलं. सावित्रम्मांनी पेन घेतलं नाही.

"मला न्हाय बसवायचं ते."

"का?"

"सगळं सुरळीत चाललंय की तुमचं. पाणी भरतंय, कप धुता येतात. मी कशाला कापून घेऊ? जायचं तवा जाते. तितं काय वाईट न्हवतं, गार होतं."

शिवप्पांनी आधी कायदेशीर मार्ग पाहिला, म्हणजे पती म्हणून स्वतःच सही करून टाकली. डॉक्टर प्रियदर्शनींनी फोनवर सांगितलं, "काका, काकू चांगल्या शुद्धीवर आहेत. सही त्यांचीच लागेल." बसव्वानं बहिणीला कन्नडमधून पाऊण तास समजावलं, मग रडून पाहिलं, मग जेवण सोडलं आणि भूक लागल्यावर परत धरलं. गुरुजी म्हणाले, "जाऊन आलेल्या माणसांची मरणाची भीती जाते, असं अभ्यासात हाय." शिवप्पा ओरडले, "माझी कुटं गेलीय?" गुरुजी त्यांना पहिल्यांदाच काही न शिकवता घरी गेले.

मंगळवारी सकाळी शिवप्पा पुन्हा ऑफिसात हजर झाले. या वेळी अर्जाचा विषय होता, 'आमचा नळ तात्पुरता बंद करणेबाबत'. खिडकीतल्या माणसानं हा अर्ज मात्र दोनदा वाचला.

"परवा तर चार खेपा घातल्या की पाण्यासाठी."

"आता नको हाय."

"जोडणी बंद करायला दोनच कारणं चालतात," तो माणूस छापील कागदावर बोट फिरवत म्हणाला. "एक, घर पाडलं. दोन, घरातला माणूस मयत. तुमचं कुठलं?"

"दुसरं होऊ नये म्हणून," शिवप्पा म्हणाले.

त्या माणसानं चष्मा काढला. त्याला काय समजलं कोण जाणे, पण त्यानं शिवप्पांना बाकावर बसवलं आणि पाण्याचा ग्लास दिला. अर्ज मात्र नियमात बसत नसल्यामुळे परत केला.

बुधवारी, म्हणजे आदल्या दिवशी सकाळी, फॉर्म अजून कोराच होता. घरात सेन्सरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. शिवप्पा तीनदा गच्चीवर गेले आणि तीनदा खाली आले. चौथ्यांदा गेले आणि त्यांनी टाकीच्या तळाचं बूच काढून टाकलं.

मे महिन्यात, सोलापुरात, दोन हजार लिटर पाणी रस्त्यावर सोडणं म्हणजे काय, हे त्या गल्लीत राहणाऱ्यालाच कळेल. बायका किंचाळत बादल्या घेऊन धावल्या. पोरं तर वाहत्या पाण्यात बसलीच. गुरुजींनी खिडकीतून "टाकी फुटली!" म्हणून गल्लीला हाक दिली. शिवप्पा खाली आले, दारात घोटाभर पाण्यात उभे राहिले आणि इस्त्रीची विजार भिजते आहे याचंही त्यांना भान राहिलं नाही.

सावित्रम्मा चौकटीला धरून बाहेर आल्या. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, गच्चीकडे पाहिलं. "फुटली?"

"सोडली," शिवप्पा म्हणाले.

"सोडली? अवो, परवाच भरली न्हवं! आता शनवारपर्यंत काय करणार तुमी?"

"तुला काय करायचंय? तू जाणारच हायस की," ते म्हणाले. त्यांना आणखी पुष्कळ बोलायचं होतं, पण समोर बारा बादल्या आणि बारा बायका उभ्या होत्या. त्यांनी तोंड फिरवलं.

सावित्रम्मांनी त्यांच्या पाठीकडे पाहिलं, भिजलेल्या विजारीकडे पाहिलं. मग आत वळून म्हणाल्या, "बसव्वा, तो फॉर्म कुटं ठेवलास ग?"

गुरुवारी सकाळी त्यांना आत न्यायची वेळ झाली. शिवप्पांनी पहाटेपासून तीन मुद्दे तयार केले होते. चाकांची खाट शस्त्रक्रियेच्या दारापाशी आली आणि तिन्ही मुद्दे डोक्यातून गेले. सावित्रम्मा बसव्वाला सांगत होत्या, "ह्यांनी काय खाल्लं न्हाय. उप्पीट तरी दे." दार उघडलं. शिवप्पा खाटेच्या कठड्याला धरून दोन पावलं सोबत गेले.

"आज पाणी हाय," ते एकदम म्हणाले.

"सोमवारी आलं की."

"आज बी हाय. साडेअकराला. येडूचा फोन आलता." शिवप्पांनी कठडा सोडला नव्हता. "सेन्सर बिघडलाय. आन् मला मोटर लावाय येत न्हाय."

दार बंद झालं.

पुढचा सव्वा तास शिवप्पांनी जो काढला त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. त्यांनी त्या मजल्यावरची प्रत्येक पाटी वाचली, आग विझवायच्या नळकांड्यावरची सूचनासुद्धा वाचली. बसव्वानं पुढे केलेलं उप्पीट एकदा हातात घेतलं आणि तसंच एका अनोळखी माणसाला देऊन टाकलं. कट्टा, लिंब आणि आई त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. आई आता काय म्हणत असेल? बस म्हणत असेल. आयुष्यभर जिला उभं ठेवलं तिला आताच बस म्हणायचं काय नडलं होतं? "आई, तिला बसवू नकोस," ते मोठ्यानं म्हणाले. शेजारच्या बाकावरचं कुटुंब जरा सरकून बसलं.

दार उघडलं. डॉक्टर प्रियदर्शनी हसू दाबत बाहेर आल्या. "काका, उत्तम झालं सगळं. आणि काळजी कसली करत होता एवढी? भूल फक्त खांद्यापाशी दिली होती. काकू पूर्ण वेळ जाग्या होत्या. साडेअकरा वाजले का, म्हणून मला चारदा विचारलं."

मागोमाग खाट आली. सावित्रम्मांच्या खांद्याला पट्टी होती आणि चेहरा थकलेला होता, पण नजर थेट नवऱ्यावर होती.

"आलं का पाणी?"

शिवप्पांनी आजूबाजूला पाहिलं. दोन वॉर्डबॉय, एक नर्स, डॉक्टर, बसव्वा, बाकावरचं ते कुटुंब आणि उप्पीट खाणारा अनोळखी माणूस, सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"न्हाय," ते म्हणाले. "पाणी शनवारी हाय."

"मग खोटं कशाला बोललात?"

"तू परत यावीस म्हणून." आणि एकदा तोंड उघडलंच आहे तर पुढचंही निघून गेलं, "तुझ्याशिवाय मला कायबी जमत न्हाय, सावित्री."

नर्स छताकडे बघायला लागली. सावित्रम्मांच्या कानांपर्यंत लाली चढली. त्यांनी बऱ्या हातानं चादर हनुवटीपर्यंत ओढली आणि दबक्या आवाजात नवऱ्याला झापलं.

"हळू बोला की, लोकं ऐकायलेत. असलं चारचौघांत सांगायचं असतंय व्हय? मी सांगितलं का त्या दिवशी? मी आपलं पाणी म्हणून सांगितलं."